आठ सेकंदांत काय सांगायचं?

"मॅडम, तुम्ही लिहिलेलं मी वाचलं. तिन्ही बोर्डांवर वाचलं. पण मी करायचं काय होतं?"

पहाटे साडेपाचला कंट्रोल रूमच्या पायऱ्यांवर एका टो व्हॅनवाल्या काकांनी मला हे विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

रात्रभर पाऊस होता. द्रुतगती मार्गावर एक कंटेनर आडवा झाला होता आणि त्याच्या अलीकडच्या तीन बोर्डांवर, म्हणजे रस्त्याच्या डोक्यावर विजेची अक्षरं उमटणाऱ्या पाट्यांवर, मी संदेश टाकला होता: "पुढे अपघात. काळजीपूर्वक चालवा." फोन आल्यापासून मिनिटाच्या आत तिन्ही बोर्ड पेटले होते, म्हणून मी समाधानात होते. काका तेव्हा दुसरं काम उरकून रिकामी व्हॅन घेऊन परतत होते. त्यांनी पहिला बोर्ड वाचला, वेग थोडा कमी केला. दुसरा वाचला. तिसरा वाचला. आणि वळणापलीकडे कंटेनर दिसला तो नेमका त्यांच्याच लेनमध्ये. त्यांची व्हॅन थांबली. मागची गाडी थांबली. तिच्या मागची थांबली नाही.

कुणाचा जीव गेला नाही. एका मुलीचा हात मोडला. तिसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर ती झोपली होती, पट्टा लावलेला नव्हता.

मी त्या कंट्रोल रूममध्ये अकरा वर्षं काढली. कॅमेरे बघायचे, मदतीचे फोन घ्यायचे, गस्तीच्या गाड्या पाठवायच्या आणि बोर्डांवर काय लिहायचं ते ठरवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यांना सोपं वाटायचं, मलाही. त्या पहाटेनंतर ते मला कधीच सोपं वाटलं नाही. कंटेनर कुठल्या लेनमध्ये आहे हे कॅमेऱ्यावर मला स्वच्छ दिसत होतं. ड्रायव्हरला हवी असलेली एकच गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी त्याला "काळजीपूर्वक चालवा" असं सांगत बसले होते. काळजी तर तो घेतच होता.

थोडा हिशेब सांगते, कारण सगळं त्यावर येऊन ठरतं. बोर्डावरचं अक्षर साधारण ४५ सेंटीमीटर उंच असलं तर दिवसा, स्वच्छ हवेत, ते अडीचशे मीटरवरून वाचता येतं. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. म्हणजे बोर्ड वाचता यायला लागल्यापासून तो डोक्यावरून मागे जाईपर्यंत जेमतेम नऊ सेकंद. शेवटचं एखादं सेकंद तो काचेच्या वरच्या कडेआड गेलेला असतो. उरले आठ. त्या आठ सेकंदांत ड्रायव्हर आरशात बघतो, पुढच्या ट्रकवर लक्ष ठेवतो, कुणी मधे घुसतंय का ते पाहतो. पावसात किंवा उंच ट्रकच्या मागे असाल तर आठाचे चार होतात. या चार-आठ सेकंदांत कुणी उपदेश वाचत नाही. काय झालंय, कुठे झालंय, काय करायचं, एवढंच डोक्यात शिरतं. आणि तिन्हींना जागा नसेल तर मी आज डोळे मिटून तिसरं ठेवीन.

बोर्डाच्या कामात अशी काही अडचण असते हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. काकांच्या त्या प्रश्नानंतर मी मोठ्या उत्साहाने "लेन ३ बंद" असं लिहायला लागले. नेमकं आणि छोटं. महिन्याभरात ध्यानात आलं की लोक लेन मोजताना दोन्ही बाजूंनी मोजतात. कुणी कडेकडून, कुणी डिव्हायडरकडून. कॅमेऱ्यावर दिसायचं: बोर्डाखालून पुढे गेलेल्या गाड्यांतल्या काही बंद लेनमधून बाहेर पडतायत आणि काही बरोबर तिच्यातच शिरतायत. माझ्याच संदेशामुळे. मग "डिव्हायडरलगतची लेन बंद" असं लिहून पाहिलं. अर्थ चोख, पण वाचायला लांब. शेवटी लेनच्या डोक्यावर लाल फुली आणि शेजारच्या लेनकडे बाण हाच उपाय उरला. वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो आणि परक्या भाषेच्या माणसालाही. नेदरलँड्समध्ये १९८१ पासून लेनच्या डोक्यावरची ही चिन्हं आणि वेगाचे आकडे वापरात आहेत. ब्रिटनमध्ये लाल फुलीखालून गाडी नेली तर दंड होतो आणि २०१९ पासून तो कॅमेऱ्यावरूनही करता येतो. दंडाबद्दल माझी तक्रार नाही. पण फुलीचा अर्थ "ही लेन पूर्ण बंद आहे, समोर मोकळी दिसत असली तरी" असा आहे हे किती जणांना मुद्दाम कुणी सांगितलेलं असतं? समोर मोकळा रस्ता दिसला की माणूस फुलीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. तिथून पाचशे मीटरवर, वळणाआड, दोन माणसं गुडघ्यांवर बसून ट्रकचं चाक बदलत असतात. त्या दोघांच्या बाजूने मी हे लिहिते आहे.

आता एक गोष्ट, जिच्याबाबत मी चुकले होते. वर्षातल्या मृत्यूंचा आकडा बोर्डावर दाखवावा असा प्रस्ताव आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याच्या बाजूने बोलले होते. वाटायचं, आकडा वाचून माणूस हादरेल, पाय आपोआप हलका होईल. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने हेच २०१२ पासून केलं होतं. दर महिन्यातला एक आठवडा तिथल्या महामार्गांच्या बोर्डांवर त्या वर्षीच्या रस्ते-मृत्यूंची संख्या झळकायची. महिन्यातला एकच आठवडा असल्यामुळे तुलना करणं शक्य होतं, आणि जोनाथन हॉल व जोशुआ मॅडसन या दोन संशोधकांनी ती केली. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं. आकडा दाखवला जात असताना बोर्डानंतरच्या दहा किलोमीटरमध्ये अपघात ४.५ टक्क्यांनी वाढत होते. आकडा जितका मोठा, तितका परिणाम जास्त.

ते वाचून मी खूप वेळ गप्प बसले होते. लेखकांचं स्पष्टीकरण असं, की असा आकडा मनाचा ताबा घेतो आणि नेमकं जिथे लक्ष हवं तिथून ते काढून घेतो. मला ते पटतं, कारण माझ्या ओळखीचा प्रत्येक ड्रायव्हर त्या आकड्यावर काही ना काही विचार करेल. कुणाला आपलं गेलेलं माणूस आठवेल. आणि तो विचार ताशी शंभरच्या वेगाने, इतर गाड्यांच्या गर्दीत चालू असेल. घरी बसलेल्या माणसाला हादरवणं वेगळं. स्टिअरिंगवर हात असलेल्याला हादरवण्याचा आपल्याला काय अधिकार आहे? आमच्याकडचा प्रस्ताव पुढे गेला नाही. तो माझ्यामुळे थांबला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं.

लोक बोर्डावर विश्वास का ठेवत नाहीत, हा तर वेगळाच विषय आहे आणि त्यात दोष बराचसा आमच्या बाजूचा आहे. रस्त्याचं काम दुपारी चारला संपतं आणि "काम चालू" रात्री दहापर्यंत झळकत राहतं. ते वाचून गेलेला प्रत्येक माणूस एक धडा शिकतो: बोर्डाचं खरं नसतं. पुढच्या वेळी खरं धुकं असतं तेव्हा तो धडा त्याच्यासोबत असतो. माझ्या शेवटच्या वर्षांत मी शिफ्ट घेताना आधी कॅमेरे बघत नसे. पेटलेला प्रत्येक बोर्ड उघडून बघायची आणि विचारायची, हे अजून खरं आहे का? नसेल तर काढून टाकायची. रिकामा बोर्ड परवडतो.

पण कधीकधी बोर्ड खरा असतो आणि तरी खोटा वाटतो. वेगमर्यादा अचानक ६० दाखवली जाते. माणूस चडफडत वेग कमी करतो, पाच किलोमीटर जातो, काहीच दिसत नाही. ना अपघात, ना काम. "उगाच!" असं तो म्हणतो. हे उगाच का नसतं, ते समजायला जपानमधला एक प्रयोग फार उपयोगी आहे. नागोया विद्यापीठातले युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या चालवायला लावल्या. सगळ्यांनी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सारखा वेग ठेवायचा, एवढीच सूचना. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित मंदावलं, मागच्याने त्याहून जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि काही गाड्या चक्क थांबल्या. ती थांबण्याची लाट मग गाड्यांच्या उलट दिशेने मागे सरकत राहिली, ताशी साधारण वीस किलोमीटरने. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

खऱ्या रस्त्यावर ती लाट तुमच्याकडे चालून येत असते आणि तुम्ही शंभरने तिच्याकडे. वळणाच्या पलीकडे थांबलेल्या गाड्यांची शेपटी असते. ६० चा आकडा तुम्हाला त्या शेपटीवर आदळू न देण्यासाठी असतो, आणि लाट विरून जावी म्हणूनही असतो. तुम्ही पोहोचलात तेव्हा काहीच दिसलं नाही, तर बऱ्याचदा आकड्याने आपलं काम केलेलं असतं. हे बोर्डावर आठ सेकंदांत सांगता येत नाही. ते लायसन्स घेताना, शाळेत, रेडिओवर, टोलच्या रांगेत हातात दिलेल्या कागदावर सांगावं लागतं. माझं सगळं म्हणणं जवळपास इथेच आहे: रस्त्यावर फक्त कृती सांगा, आणि तिच्यामागचं कारण माणूस रस्त्यावर येण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचवा. आपण बरोबर उलटं करतो. कारणं बोर्डावर चढवतो आणि कृती गुलदस्त्यात ठेवतो.

अंतराचंच घ्या. "सुरक्षित अंतर ठेवा." किती? ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, ताशी ७० मैलांना, म्हणजे ११२ किलोमीटरला, थांबायला ९६ मीटर लागतात असं दिलंय. मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत २१ आणि प्रत्यक्ष थांबायला ७५. आकडा बरोबर आहे, पण चालत्या गाडीतून ९६ मीटर कुणाला मोजता येतात? मला नाही येत. म्हणून दोन सेकंदांचा नियम आला. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं, आपण त्या खांबापाशी दोन सेकंदांच्या आत पोहोचलो तर फार जवळ आहोत. ओल्या रस्त्यावर चार सेकंद. हे शिकवता येतं. आणि फ्रान्सने त्याही पुढची गोष्ट केली आहे, जी मला आजवर पाहिलेल्या वाहन-सुरक्षेच्या माहितीत सगळ्यात सुंदर वाटते. तिथल्या मोटारमार्गांवर कडेच्या आपत्कालीन पट्टीची पांढरी रेघ सलग नसते, ३९ मीटरचे लांब तुकडे आणि मधे १३ मीटरची फट अशी असते. तुम्ही आणि पुढची गाडी यांच्यामध्ये एकच तुकडा दिसला तर धोका, दोन दिसले तर ठीक. दोन तुकडे आणि मधली फट मिळून ९१ मीटर होतात. बोर्ड नको, वीज नको, वाचन नको. पट्टी तशीही मारायचीच होती. ती मारतानाच कुणीतरी विचार केला. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी लेनवर बाणाच्या टोकासारख्या खुणा रंगवून "दोन खुणांचं अंतर ठेवा" असं सांगतात, तेही याच जातीचं.

द्रुतगती मार्ग म्हणजे फक्त रुंद रस्ता नव्हे, हे ब्रिटनमध्येही उशिराच कळलं. ब्रिटनचा एम१ मार्ग २ नोव्हेंबर १९५९ ला उघडला. उघडणारे मंत्री अर्नेस्ट मार्पल्स पहिल्याच दिवशी गाड्यांचा वेग बघून धास्तावले. वेगमर्यादा नव्हतीच. इतका वेळ जोरात पळायची सवय नसलेल्या कितीतरी गाड्या बंद पडल्या. ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये आली, तीही धुक्यातल्या साखळी अपघातांनंतर. आणि शिकाऊ ड्रायव्हरला प्रशिक्षकासोबत मोटारमार्गावर जायची परवानगी मिळाली जून २०१८ मध्ये! तिथला पहिला मोटारमार्ग १९५८ चा. साठ वर्षं नवा लायसन्सधारक देशातल्या सगळ्यात वेगवान रस्त्यावर पहिल्यांदा एकटाच जात होता.

फोनवर हे एकटेपण ऐकू यायचं. मदतीच्या नंबरवर येणारा फोन बहुतेक वेळा असा सुरू व्हायचा: "गाडी बंद पडलीय." मी विचारायची, कुठे आहात? उत्तर: "हायवेवर." कुठल्या दिशेला जाताय? मग शांतता, मागे ट्रक गेल्याचा आवाज, आणि "इथे मोठं झाड आहे." कडेला किलोमीटरच्या पाट्या असतात, ठरावीक अंतरावर, अगदी याच कामासाठी. त्या कशासाठी आहेत हे माहीत असलेला माणूस मला दहा फोनांत एखादा भेटायचा. एका तरुणाशी झालेलं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. त्याला म्हटलं, "दादा, आधी सांगा तुम्ही उभे कुठे आहात?" म्हणाला, "गाडीच्या मागेच, डिकी उघडून, त्रिकोण शोधतोय." मागून येणाऱ्यांना इशारा म्हणून रस्त्यावर ठेवायचा तो लाल त्रिकोण. बायको आणि लहान मूल गाडीत होतं. मी म्हटलं, त्रिकोण राहू द्या, आत्ता बायकोला आणि बाळाला कडेच्या दाराने बाहेर काढा, बॅरिअरच्या पलीकडे जा, फोन कानाला तसाच राहू द्या. तो म्हणाला, "पण बाहेर पाऊस आहे हो, बाळ भिजेल." मी ओरडले. नोकरीत आवाज चढवायचा नसतो. तरी ओरडले, "भिजू द्या!"

ते तिघे बॅरिअरच्या पलीकडे जाईपर्यंत मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. त्या गाडीला कुणी धडकलं नाही. तासाभराने टो व्हॅन गेली आणि ते घरी गेले, एवढंच. पण पावसात बाळाला आत ठेवणं हे त्या बापाला प्रेमाचंच वाटत होतं ना? चूक त्याची कशी म्हणू? बंद गाडी घरासारखी वाटते, आसरा वाटते. द्रुतगती मार्गाच्या कडेला ती आसरा नसते, हे त्याला आयुष्यात कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून इथे सावकाश सांगते. गाडी कुरकुरायला लागली की जमल्यास पुढच्या बाहेरच्या रस्त्यापर्यंत किंवा थांब्यापर्यंत न्या. नाहीच जमलं तर कडेच्या पट्टीवर, रहदारीपासून शक्य तितकं लांब घ्या. चारी इंडिकेटर लावा, अंधार असेल तर पार्किंग दिवेही. सगळ्यांनी रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा. बॅरिअर ओलांडा, आणि मग गाडीच्या पुढे उभे राहू नका, गाड्या येतात त्या दिशेला जरा मागे जा, म्हणजे तुमच्या गाडीला धडक बसली तर ती ढकलली जाऊन तुमच्या अंगावर येणार नाही. मग फोन, आणि पाटीवरचा आकडा. टायर स्वतः बदलायला बसू नका, कितीही सवय असली तरी. गाडी चालत्या लेनमध्येच बंद पडली आणि उतरणं शक्य नसेल, तर पट्टा बांधलेला ठेवा, चारी इंडिकेटर लावा आणि लगेच मदतीच्या नंबरवर फोन करा. त्रिकोणाबद्दल मात्र तुमच्या देशाचा नियम बघा. जर्मनीत तो ठेवावाच लागतो. ब्रिटनचा हायवे कोड मोटारमार्गावर तो ठेवूच नका म्हणतो, कारण ठेवायला जाणाराच मारला जाऊ शकतो.

रिफ्लेक्टर जॅकेट डिकीत ठेवू नका, हातापाशी ठेवा. फ्रान्सने २००८ मध्ये ते गाडीत बाळगणं सक्तीचं केलं तेव्हा जाहिरातीत फॅशनच्या दुनियेतले कार्ल लागरफेल्ड सुटावर ते पिवळं जॅकेट घालून उभे होते. जाहिरातीचं म्हणणं असं: हे पिवळं आहे, कुरूप आहे, कशावरही शोभत नाही, पण तुमचा जीव वाचवू शकतं. त्यात भीती घातलेली नाही. आज काय विकत घ्यायचं आणि अंगावर काय चढवायचं, ते सांगितलेलं आहे. आणि ते घरी, खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगितलंय, जेव्हा त्याच्याकडे आठ सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त वेळ आहे.

रुग्णवाहिकेची वाट हा माझा जिव्हाळ्याचा विषय. जर्मनीत आणि २०१२ पासून ऑस्ट्रियातही नियम असा, की रहदारी रांगायला लागली की लगेच, सायरन ऐकू येण्याची वाट न बघता, सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे सरकायचं आणि बाकी सगळ्या लेनने उजवीकडे. मधे वाट तयार. सायरन ऐकल्यावर सरकायला गेलात तर पुढच्या-मागच्या गाड्यांत अडकलेले असता, जागाच नसते. पण नियम असूनही जर्मनीत ३ जुलै २०१७ ला म्युन्शबर्गजवळ ए९ मार्गावर बसला आग लागून १८ जण गेले, तेव्हा मदतीच्या गाड्यांना नीट वाट मिळाली नाही म्हणून देशभर संताप झाला. त्याच वर्षी या चुकीचा दंड वीस युरोंवरून कमीत कमी दोनशेवर गेला. तिथे हे पुलांवरच्या फलकांवरून सांगतात, एका हाताची बोटं दाखवून शिकवतात: अंगठा म्हणजे डावी लेन, बाकीची बोटं उजवीकडे, मधली फट म्हणजे वाट. मला कॅमेऱ्यावर याच्या उलट चित्र बघावं लागायचं. रुग्णवाहिका पाचशे मीटरवर अडकलेली, आणि मी टाइप करते आहे "मधे वाट द्या", तर लोक भलत्याच बाजूला सरकतात, कारण कुणी कुठे सरकायचं ते आधी ठरलेलंच नाही. ऐन वेळी शेकडो अनोळखी माणसांत एकमत घडवणं बोर्डाला जमत नाही.

झोपेबद्दल थोडक्यात. चार सेकंद डुलकी लागली तर शंभरच्या वेगात गाडी १११ मीटर आंधळी जाते. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, यांनी झोप जात नाही. थांबून पंधरा-वीस मिनिटं झोपा. थांब्याचं अंतर बोर्डावर दाखवणं ("विश्रांती थांबा ४ कि.मी.") हे मी केलेल्या कामांतलं सगळ्यात उपयोगी काम असावं असं मला वाटतं. त्याचं मोजमाप माझ्याकडे नाही, पण रात्री दोननंतर तो संदेश लावला की थांब्यावरच्या कॅमेऱ्यात ट्रक वळताना दिसायचे.

आणि शेवटी तो एक प्रसंग, ज्याचं उत्तर मला बोर्डावर कधीच सापडलं नाही. उलट दिशेने आलेली गाडी. रात्री एकला फोन आला, मग दुसरा, तिसरा. एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडण्याच्या रॅम्पवरून आत शिरले होते आणि आपल्या मते कडेच्या लेनमधून, सावकाश, नीट चालले होते. त्यांची कडेची लेन म्हणजे समोरून येणाऱ्यांची डिव्हायडरलगतची, ओव्हरटेकची. बाकीच्यांसाठी काय लिहायचं ते मला आता येत होतं: "कडेच्या लेनमध्ये या. ओव्हरटेक करू नका. समोरून वाहन." कृती आधी, कारण नंतर. बोर्ड पेटले आणि गाड्या एकेक करून कडेला आल्या. पण ज्यांना सगळ्यात जास्त सांगायला हवं होतं, त्या आजोबांना प्रत्येक बोर्डाची फक्त काळी पाठ दिसत होती. अकरा किलोमीटर ते तसेच गेले, मी त्यांच्यामागे एका कॅमेऱ्यातून दुसऱ्यात. गस्तीच्या गाडीने पलीकडच्या बाजूने दिवे मारत त्यांना गाठलं, तेव्हा ते थांबले. नंतर कळलं, सगळे आपल्याला दिवे का दाखवतायत हे त्यांना समजत नव्हतं. घाबरून ते आणखी कडेला चिकटत गेले होते.

ऑस्ट्रियात अशा रॅम्पवर मोठा पिवळा फलक असतो, त्यावर अडवणारा हाताचा पंजा आणि "थांबा, चुकीचं" एवढाच मजकूर. त्या रात्रीनंतर मी त्याचा फोटो जोडून अर्ज केला. मग आठवणीचा अर्ज. मग आणखी एक. मी नोकरी सोडल्यावर सात महिन्यांनी तिथे दोन फलक लागले, रॅम्पच्या दोन्ही अंगांना. मी मुद्दाम रात्री जाऊन पाहिले. एक जरा उंच लावलाय. म्हातारा माणूस सीटवर खाली सरकून बसतो, त्याच्या काचेतून त्याला पंजाचा खालचा अर्धाच दिसेल. ते फूटभर खाली घ्या म्हणून कालच पत्र टाकलंय.